कबुली, फिर्याद की आत्मनिवेदन? : कमला दास, युनिस डिसूझा आणि आपल्या कवयित्री

उंबरठा (धागाकर्ती)

गेला आठवडाभर एका शब्दापाशी अडकले आहे. एम.ए. मराठीच्या मुलींसाठी भारतीय कवयित्रींवर टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत थांबले. 'कन्फेशनल पोएट्री'ला, म्हणजे स्वतःचं खासगी आयुष्य उघडपणे मांडणाऱ्या कवितेला, मराठीत काय म्हणायचं? जुन्या समीक्षेत 'कबुलीजबाबाची कविता' असं सापडतं. मीही तेच लिहिलं, मग खोडलं.

कबुली कोण देतो? ज्याच्यावर आरोप आहे तो. समोर फौजदार असतो नाहीतर धर्मगुरू, आणि गुन्हा घडला आहे हे दोघांनी आधीच धरलेलं असतं. ही संज्ञा अमेरिकेत 1959 साली रॉबर्ट लोवेलच्या कवितेवर लिहिताना एम. एल. रोझेन्थाल या समीक्षकाने वापरली. लोवेल बॉस्टनच्या बड्या घराण्यातला. वेडाचे झटके, आईवडिलांचं कडवट लग्न, या गोष्टी त्याने चारचौघांत मांडल्या, म्हणजे घराण्याचा मुखवटा स्वतः काढला. त्याच्यापुरता तो शब्द चालतो. तोच शब्द उचलून आपण इंग्रजी आणि मल्याळममध्ये लिहिणाऱ्या कमला दासना चिकटवला तेव्हा फार विचार केला असं मला वाटत नाही.

त्यांची 'अॅन इंट्रोडक्शन' ही कविता घ्या. 1965 च्या 'समर इन कॅलकटा' या पहिल्या इंग्रजी संग्रहातली. मलबारात जन्मलेली सावळी मुलगी आपली ओळख करून देते आहे. कुठल्या भाषेत लिहायचं ते पाहुणे आणि नातलग तिला सांगतात. वयात आल्यावर ती प्रेम मागते आणि तिला खोलीत नेऊन दार लावलं जातं. तो मारत नाही, तरी तिचं शरीर मार खाल्ल्यासारखं दुखत राहतं. मग ती केस कापते, भावाची पँट घालते. लगेच सूचनांची सरबत्ती: साडी नेस, बायको हो, भरतकाम कर, स्वयंपाक कर, नोकरांशी भांड. कमला दास यांचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं, हे कवितेशेजारी ठेवलं की अंगावर काटा येतो. या कवितेत तिचा गुन्हा कोणता? ती कबूल काय करते आहे? मला तर शोधून सापडत नाही. गुन्हे आहेत, पण ते बाकीच्यांचे.

'द ओल्ड प्लेहाऊस' 1973 ची. नवऱ्याला उद्देशून आहे. तू एका पाकोळीला पाळीव करायला निघालास, असं ती सुरुवातीलाच सांगते. पुढे चहात सॅकरिनची गोळी घालणं, वेळेवर व्हिटॅमिन देणं, त्याच्या अवाढव्य 'मी'खाली आक्रसत बुटकी होत जाणं. बंद खिडक्या आणि सतत चालू असलेलं वातानुकूलन यंत्र. हात उगारल्याचा एकही उल्लेख नाही. आपल्या दंडसंहितेत 498अ कलम आलं 1983 मध्ये, म्हणजे सासरचा छळ, त्यात मानसिक छळही, हा स्वतंत्र गुन्हा आहे हे कायद्याने ओळखलं त्याच्या दहा वर्षं आधीची ही कविता. कायद्यापाशी शब्द नव्हता तेव्हा तिने तपशील नोंदवून ठेवले. तारीख, वेळ, जागा सांगावी तसे.

म्हणून मला 'फिर्याद' हा शब्द सुचला. अर्थात तो माझा नव्हेच. दलित कवयित्री हिरा बनसोडे यांच्या 1984 च्या संग्रहाचं नावच 'फिर्याद' आहे. या सगळ्या कवितेला फिर्यादीची कविता म्हणावं का? तुम्हाला काय वाटतं?

पारंबी

ताई, टीवायला 'अॅन इंट्रोडक्शन' आम्हाला होती. सर वर्गात मोठ्याने वाचत होते. दार लावल्याच्या ओळी आल्या आणि ते थेट भाषेबद्दलच्या भागावर गेले. मागे येऊन म्हणाले, "हे तुम्ही घरी वाचा." वर्गात चाळीस मुली होतो. घरी वाचा म्हणजे एकेकटीने वाचा. त्या दिवशी आम्हा मैत्रिणींपैकी कुणीच कुणाशी त्याबद्दल बोललं नाही. परीक्षेत प्रश्न आला तो 'कवयित्रीची भाषाविषयक भूमिका'.

सर वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांना त्या ओळी कुठल्या आवाजात वाचायच्या हे कळलं नसावं.

जुना_वाचक

धागा आवडला, पण फिर्याद या शब्दाला माझा विरोध आहे.

फिर्याद म्हटलं की पुरावा आला. कवितेचा तपशील आयुष्याशी ताडून बघायचा, जुळला तर खरी, नाही तर खोटी. कमला दास यांच्याबाबत नेमकं हेच झालं. 'एन्टे कथा' हे त्यांचं आत्मकथन 1972 मध्ये 'मलयाळनाडू' साप्ताहिकात क्रमशः यायला लागली तेव्हापासून लोक त्यात साहित्य वाचत नव्हते, माणसं ओळखत होते. तो कोण, हा कोण, हे खरंच घडलं का. पुढे त्यांनी स्वतः त्या पुस्तकातल्या खऱ्या-खोट्याबद्दल वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं, त्यावरूनही त्यांनाच खोटारडं ठरवलं गेलं. पुरुष कवीला हा छळ सोसावा लागत नाही. त्याचा 'मी' हा कवितेतला 'मी' असतो. बाईने 'मी' लिहिलं की ते प्रतिज्ञापत्र होतं.

तुम्ही प्रेमाने तोच पिंजरा पुन्हा उभा करताय असं मला वाटतं, नाव तेवढं बदललं आहे. आधी आरोपीचा होता, आता साक्षीदाराचा.

'अॅन इंट्रोडक्शन'चा शेवट आठवून पाहा. मी पापी आहे, मी संतही आहे, तुमचं नाही असं एकही सुख माझं नाही आणि तुमची नाही अशी एकही कळ माझी नाही, अशा अर्थाच्या ओळी आहेत. मग मीही स्वतःला 'मी'च म्हणते, असं म्हणून ती थांबते. हा 'मी' कुण्या एका बाईचा ठेवलेलाच नाही. कोर्टात असा 'मी' चालेल का?

उंबरठा

जुना_वाचक, पुराव्याचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. खरंच. रात्रभर डोक्यात घोळत होता.

पण त्या शेवटाबद्दल थोडं वेगळं वाटतं. 'तुमची नाही अशी एकही कळ माझी नाही' हे ती कुणाला म्हणते आहे? मी ते नेहमी दुसऱ्या बायकांना उद्देशून वाचलं. मला वाटायचं, इथे ती एकटीची फिर्याद सगळ्यांची करून टाकते. तुम्ही म्हणता तसं वाचलं तर ती फिर्यादच सोडून देते. दोन्ही बसतंय, आणि त्याने मी जास्तच गोंधळले आहे.

गोधडी

मला 'कबुली' हाच शब्द हवा आहे. कारण युनिस डिसूझा.

युनिस पुण्याच्या, 1940 चा जन्म, गोवन कॅथलिक घर. पुढे मुंबईत सेंट झेवियर्समध्ये वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. इंग्रजी कवितांचा पहिला संग्रह 'फिक्स', 1979, न्यूग्राउंड या कवींनीच चालवलेल्या प्रकाशनाने काढलेला. ज्या समाजात लाकडी खोक्यात गुडघे टेकून दर आठवड्याला पापं सांगायची असतात, तिथे वाढलेल्या मुलीच्या हातात 'कन्फेशन' हा शब्द आयता होता. तिने तो उलटा धरला.

'कॅथलिक मदर' ही कविता वाचा. वर्षातला आदर्श पिता, चर्चचा आधारस्तंभ, सात वर्षांत सात मुलं. तो बोलतो, धर्मगुरू बोलतात, सगळे त्याचं कौतुक करतात. कवितेचं नाव मात्र आईचं, आणि त्या खांबाची बायको काहीच बोलत नाही, एवढं सांगून कविता संपते. सगळी कविता त्या एका न बोलण्यासाठी लिहिली आहे.

'मॅरेजेस आर मेड' तर आपल्यापैकी कुणालाही समजावून सांगायला नको. चुलत बहिणीचं लग्न ठरतंय. घराण्यात क्षय किंवा वेड आहे का ते तपासलं, बापाची ऐपत तपासली, डोळ्यांत तिरळेपणा नाही ना, दात किडलेले नाहीत ना, इथपासून ते पोटातल्या जंतापर्यंत, आणि तो जंतही ब्राह्मणेतर तर नाही ना! कॅथलिक घरात, धर्मांतर होऊन काही शतकं लोटल्यावर. मी स्वतः तीन वेळा 'दाखवली' गेले आहे. एका ठिकाणी मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं होतं. उभं करणारा पुरुष नव्हता, मुलाची मावशी होती.

म्हणून कबुली. 'फर्गिव्ह मी, मदर' या कवितेत मुलगी आईची क्षमा मागते. युनिसचे वडील ती तीन वर्षांची असताना वारले, आई जन्मभर विधवा राहिली. तू एकटी, म्हातारी, आणि मी तुला तसं सोडलं. ती म्हणते की मारणं किंवा मरणं एवढंच हातात होतं. आणि शेवटी, स्वप्नात मी तुझे तुकडे करते. हे फिर्यादीत कसं बसवाल? कुणाविरुद्ध? विधवा आईविरुद्ध, जिला त्या समाजाने एकटं पाडलं? इथे मुलगी आपल्या हाताला लागलेलं रक्त दाखवते आहे. पुरुषसत्ता म्हणजे नुसते पुरुष असते तर आपलं काम सोपं होतं. ती आईच्या हातून येते, मावशीच्या नजरेतून येते, पुढे आपल्या तोंडून निघते. माझ्या मुलीला मी "पाय जवळ घेऊन बस" म्हणाले तेव्हा तो आवाज कुणाचा होता ते मला ठाऊक आहे.

फिर्यादीत बाई फक्त निरपराध असू शकते. युनिसने स्वतःला ती सवलत दिली नाही, आणि मला ती त्यामुळेच सगळ्यांत मोकळी वाटते.

पारंबी

गोधडी, प्रतिसाद दोनदा वाचला. खिडकीपाशी उजेडात... आमच्याकडे 'जरा चालून दाखव' होतं.

निळी_शाई

सगळं पटतंय, तरी एक गोष्ट सुटते आहे. कबुली द्यायला आधी गुपित असावं लागतं. दार असावं लागतं, ते लावता यावं लागतं. कमला दास यांची बंद खोली, युनिसचं चर्चमधलं खोकं. ज्या बाईचं शरीर गावाने कायम उघड्यावर धरलं, शेतात, पाणवठ्यावर, मालकाच्या वाड्यात, तिला कसली कबुली मागता? तिचं सगळं आधीच लोकांच्या तोंडात असतं, तिला न विचारता.

उंबरठाताईंनी 'फिर्याद'चं नाव घेतलं, पण त्यातल्या 'सखी' कवितेवर बोलल्या नाहीत. वरच्या जातीतली मैत्रीण घरी जेवायला येते. बाई हरखून जाते, शबरीसारखी. आणि मैत्रीण ताटाकडे बघून वाढण्यातल्या चुका काढते, शेवटी ताक-दही लागतं तेही तुम्हाला माहीत नाही का, म्हणते. हिची मान खाली जाते. मग लहानपण आठवतं, ज्यात चहाला दूध नव्हतं तर दह्याताकाची गोष्ट कुठली. आता सांगा, ही फिर्याद कुणाविरुद्ध आहे? एका बाईविरुद्ध. स्त्रीमुक्तीच्या सभेत शेजारी बसलेल्या बाईविरुद्ध. गोधडी यांची मावशी घरातली होती. ही मैत्रीण पंगतीतली.

म्हणून मला फिर्याद हा शब्द दलित कवयित्रींच्या हातात शोभतो. त्यांच्याकडून उचलून तो सगळ्यांना वाटू नका. कमला दास यांच्या कवितेला आणि 'सखी'ला एकाच नावाखाली घातलं की 'सखी'तलं ताट दिसेनासं होतं.

मलिका अमर शेख यांच्यावर कुणीच का बोललं नाही? 'वाळूचा प्रियकर' हा त्यांचा कवितासंग्रह 1979 चा, 'फिक्स'च्याच वर्षीचा. आणि 1984 मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मचरित्र. शाहीर अमर शेखांची मुलगी, नवरा नामदेव ढसाळ, दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक आणि मराठीतला मोठा कवी. मोर्चात समतेच्या घोषणा आणि घरात मार, हे त्यांनी नाव घेऊन लिहिलं. चळवळीतल्या पुष्कळांना ते नको होतं. आजही नामदेव ढसाळांच्या कवितेवर बोलताना ते पुस्तक बाजूला ठेवणारे भेटतात. मी ढसाळांची कविता पाठ असलेला माणूस आहे. ती कविता मला सोडायची नाही आणि ते पुस्तकही मिटायचं नाही. दोन्ही मांडीवर घेऊन बसायला शिकतो आहे, सोपं जात नाही.

कोरांटी

तुम्ही सगळे इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द शोधताय. आपल्याकडे शब्द आधीपासून आहे: आत्मनिवेदन. सतराव्या शतकात शिऊरच्या बहिणाबाईंनी अभंगांतून आपलं चरित्र सांगितलं, त्याला आपण आत्मनिवेदनच म्हणतो. लहानपणी प्रौढ बिजवराशी लग्न, तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार, हे सगळं त्यात आहे. आणि त्यांचा तो प्रश्न:

*वेद हाका देती पुराणे गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे ॥*

मी तर सहजच स्त्रीचा देह घेऊन आले, मग माझ्या परमार्थाची सोय काय, असं त्या पुढे विचारतात. देह कबूल आहे, त्यावरचा आरोप कबूल नाही.

त्याच्या तीनशे वर्षं आधी जनाबाई:

*डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी ॥*
*हातीं घेईन टाळ खांद्यावरी वीणा । आतां मज मना कोण करी ॥*

याच अभंगात ती स्वतःला 'येसवा' म्हणवते. बाजारात बसलेली बाई. लोक जे नाव ठेवतील ते तिने आधीच उचलून घेतलं. आणि चोखामेळ्याची बायको सोयराबाई, 'देहासी विटाळ म्हणती सकळ', देहाचा विटाळ देहातच जन्मला तर सोवळा कोण झाला, असं विचारणारी. निळी_शाई, तुमच्या मुद्द्याची ही आजी.

आणि ओव्या? जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. पहाटे घरातले पुरुष झोपलेले असताना, दगडाच्या घरघरीत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. सासरवास, माहेरची ओढ, सीतेचा वनवास, सगळं जात्याला सांगितलेलं. समोर न्यायाधीशही नाही, पाद्रीही नाही. शेजारी बसून दळणारी दुसरी बाई आहे, आणि तिला सगळं आधीच ठाऊक आहे.

उंबरठा

कोरांटी, हे वाचून टिपण पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागणार. पण आत्मनिवेदन म्हणजे नवविधा भक्तीतली नववी. श्रवणापासून सुरू होऊन शेवटी स्वतःला देवाच्या स्वाधीन करणं. जनाबाईही त्या अभंगाच्या शेवटी केशवाच्या घरीच शिरते. कमला दास यांनी नवरा, प्रियकर, कृष्ण, सगळ्या घरांची दारं वाजवली आणि कुठेच त्या राहिल्या नाहीत. त्यांच्या हातात तो शब्द द्यायला माझा जीव होत नाही.

जुना_वाचक

केशवाचं घर म्हणजे सासर नव्हे, एवढी नोंद करतो. तिथे जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसतो.

पारंबी

भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. गौरी देशपांडे यांनी सुरुवात इंग्रजी कवितेने केली. 'बिटवीन बर्थ्स' 1968, मग 'लॉस्ट लव्ह' आणि 'बियाँड द स्लॉटरहाऊस'. नंतर त्या मराठीत आल्या त्या कथा-कादंबऱ्या घेऊन. इरावती कर्व्यांची मुलगी, धोंडो केशवांची नात, म्हणजे मराठीतल्या सगळ्यांत मोकळ्या घरांपैकी एक. तरी 'मी' म्हणून उघडं बोलायला आधी परकी भाषा आणि मराठीत आल्यावर पात्रांचा आडोसा, असं झालं का? की मराठीत त्यांना कवितेपेक्षा मोठं अंगण हवं होतं? मला दुसरं जास्त खरं वाटतं, कारण त्यांच्या नायिका आडोसा घेणाऱ्या वाटत नाहीत.

कमला दास तर दोन्ही भाषांत होत्या. मल्याळममध्ये माधवीकुट्टी. आई बालामणी अम्मा मोठी कवयित्री. म्हणजे ज्या भाषेत आई वाचणार त्या भाषेत वेगळं नाव, आणि ज्या भाषेत नवऱ्याच्या ऑफिसातले लोक वाचणार त्या भाषेत नवऱ्याचं आडनाव. याचा अर्थ काय लावायचा मला कळत नाही. शेवटची दोन वर्षं त्या पुण्यात होत्या, 31 मे 2009 ला तिथेच गेल्या. मी तेव्हा पुण्यातच शिकत होते, त्यांची कविता अभ्यासक्रमात होती, आणि त्या याच गावात आहेत हे आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं.

सांजपारा

मी इथे फारसं लिहीत नाही. निळी_शाई यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'चं नाव घेतलं म्हणून.

माझ्या आत्याकडे ती प्रत होती. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, धान्याच्या कोठीमागे. तिचा नवरा गावात मान असलेला माणूस होता, व्यासपीठावर सावित्रीबाईंवर छान बोलायचा. आत्या गेल्यावर कोठी हलवली तेव्हा पुस्तक सापडलं. समासात कुठेही काही लिहिलेलं नव्हतं, फक्त काही पानांचे कोपरे दुमडलेले होते. मी ती पानं एका बैठकीत वाचली. आत्या चाळीस वर्षांत जे बोलली नाही ते मला त्या दुमडलेल्या कोपऱ्यांवरून कळलं. तिने लिहिलं काहीच नाही. ही कबुली होती, फिर्याद होती की आणखी काही, मला ठरवता येत नाही. पण या धाग्यात तिची नोंद व्हावी असं वाटलं.

गोधडी

सांजपारा, नोंद झाली. ते पुस्तक जपून ठेवा, कोपरे सरळ करू नका.

उंबरठाताई, टिपणात तमिळ कवयित्री सल्मा असू द्या. तेराव्या वर्षी शाळा बंद, घरात कोंडलेली मुलगी, मग लग्न. रात्री सगळे झोपल्यावर न्हाणीघरात उभं राहून लिहायची, कागद लपवून ठेवायची. सल्मा हे नावही लपण्यासाठीच घेतलेलं. पुढे तीच बाई गावच्या पंचायतीची प्रमुख झाली. मी वर आयांबद्दल एवढं कडवट लिहिलं, म्हणून हे सांगायलाच हवं. ते लपवलेले कागद तिच्या घरातून बाहेर नेऊन छापायला पोहोचवले ते तिच्या आईने.